तांबड्या रेघेची पारख



यंदाच्या अंकासाठी आलेल्या लेखनात इयत्ता नववीतील एका विद्यार्थ्याचा ‘माझे आजोबा’ हा निबंध होता. संगणकावर नेटका टंकलिखित केलेला, समास सोडलेला, पाहताक्षणी मन प्रसन्न करणारा. वाचता वाचता एका वाक्यापाशी मी थबकले. “आजोबा रोज पहाटे कंदील घेऊन बंद पाहायला जात.” बंद म्हणजे हरताळ, अशी आपली समजूत. तो रोज पहाटे कोठला असणार, आणि पाहावयाचाच असला तर कंदील कशाला? पुढच्या परिच्छेदात तर बंद फुटून खारे पाणी शेतात शिरले होते.

मुलाला बोलावून विचारले. तो म्हणाला, “मी ‘बांद’ लिहिले होते, बाई. त्याच्याखाली तांबडी रेघ आली. यादीत पहिला शब्द ‘बंद’ होता. ‘सर्वत्र बदला’ म्हटले. रेघ गेली.”

रेघ गेली होती हे खरे, आणि तिच्याबरोबर आजोबांचा बांदही गेला होता. आपल्या गोव्यात नद्यांच्या काठी भरतीच्या पाण्यापासून राखून ठेवलेली जी सखल शेते आहेत, त्यांना आपण खाजन म्हणतो. त्यांचा सारा जीव मातीच्या बांदावर अवलंबून. खेकडे तो पोखरतात, भोक मोठे होते, आणि एका रात्रीत शेत खारट होऊन बसते. म्हणून त्या वृद्ध गृहस्थांची ती पहाटेची फेरी. नातवाने ते सारे मनापासून लिहिले होते. यंत्राने एक शब्द फिरवला आणि कष्टाची ती हकिकत हास्यास्पद झाली.

हल्ली अनेक घरांत संगणक आला आहे. “मुलांचे लेखन तपासणारे कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?” अशी पृच्छा पालकही करतात. वस्तू घेण्यापूर्वी ती काम कसे करते हे ठाऊक असावे, म्हणून आधी थोडे त्याविषयी लिहिते.

लेखनातील चुका शोधणारी आज्ञावली ही काही आजची गोष्ट नव्हे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९७१ साली राल्फ गोरिन यांनी अशी एक आज्ञावली रचली होती. पुढे बेल प्रयोगशाळेत वाक्यरचनेकडे लक्ष वेधणाऱ्या आज्ञावल्या तयार झाल्या. आपल्या परिचयाची तांबडी नागमोडी रेघ मायक्रोसॉफ्ट वर्डच्या १९९५ च्या आवृत्तीत अवतरली, आणि व्याकरणासाठी हिरवी रेघ १९९७ च्या आवृत्तीत. इतिहास एवढा पुरे.

ही रेघ कशी उमटते? यंत्रापाशी शब्दांची एक यादी असते. तुम्ही लिहिलेला शब्द त्या यादीत सापडला तर यंत्र गप्प. न सापडला तर रेघ. रेघेचा अर्थ ‘हा शब्द अशुद्ध आहे’ असा नसून ‘हा शब्द माझ्या यादीत नाही’ एवढाच असतो. ‘बांद’ हा कोकणी शब्द, मराठीत ‘बांध’. यादी मराठीची, म्हणून रेघ उमटली. यात यंत्राने काही वावगे केले असे मला वाटत नाही.

घोटाळा होतो तो पुढे, शब्द सुचवताना. फ्रेडरिक डॅमराऊ या संशोधकाने १९६४ साली इंग्रजीतील चुका तपासून असे दाखवून दिले की, शेकडा ८० हून अधिक चुका चारच प्रकारच्या असतात: एक अक्षर जास्त पडते, एक गळते, एकाच्या जागी दुसरे येते, किंवा शेजारची दोन अक्षरे उलटसुलट होतात. आजही पुष्कळशा आज्ञावल्या या तत्त्वाचा आधार घेतात. आता ‘बांद’ घ्या. संगणकाच्या दृष्टीने यात चार चिन्हे आहेत: ब, काना, अनुस्वार आणि द. काना काढला की ‘बंद’. अनुस्वार काढला की ‘बाद’. ‘द’च्या जागी ‘ध’ घातला की ‘बांध’. ‘ब’च्या जागी ‘च’ घातला की ‘चांद’. चारही शब्द मूळ शब्दापासून एकेका पावलावर! यांतला कोणता आजोबांचा, हे यंत्राला कसे कळावे? ते आपल्या हिशेबाने क्रम लावते आणि पुष्कळदा अधिक वापरातला शब्द वर घालते. वर्तमानपत्रांतून ‘बंद’ रोज दिसतो, ‘बांध’ क्वचित. यादीतील पहिला शब्द यंत्राला सोयीचा असतो, लिहिणाऱ्याला तो लागू पडेलच असे नाही.

रेघेपेक्षाही मला अधिक काळजी वाटते ती यंत्राच्या मौनाची. त्याच निबंधात पुढे असे वाक्य होते: “भरतीच्या वेळी मानस मिटते आणि ओहोटीला उघडते.” येथे मानस म्हणजे खाजनाच्या बांदातील पाण्याचे दार. या शब्दाखाली रेघ नव्हती. यंत्राला मानस ठाऊक होती असे कोणी समजू नये! त्याच्या यादीत ‘मानस’ होता तो संस्कृतातून आलेला, मनासंबंधीचा. रूप जुळले, अर्थाशी यंत्राला कर्तव्य नाही.

अशाच मौनाचा एक नमुना फलकांवर व निमंत्रणपत्रिकांवर आढळतो: ‘महिला दीन’, ‘स्वातंत्र्य दीन’. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब, लाचार. दोन्ही शब्द यादीत असणारच, म्हणून ज्याला केवळ यादी पाहावयाची आहे त्या यंत्राला त्यात काही खटकत नाही. शिर आणि शीर, सुत आणि सूत, पाणि आणि पाणी यांचीही तीच गत. मराठी लिहिताना आपल्या निम्म्याहून अधिक चुका ऱ्हस्व-दीर्घाच्या असतात असा माझा वर्गातला अनुभव आहे. त्यांपैकी ज्या चुकांतून दुसराच खरा शब्द तयार होतो, त्या यंत्राच्या हाती लागत नाहीत.

येथे एक गोष्ट आपल्यासारख्या कोकणी घरांतील मुलांसाठी मुद्दाम सांगावयास हवी. मागील परीक्षेत एका मुलीने लिहिले होते: “माझी धाकटी बहीण पणजीला शिकते. ते गणेशचतुर्थीला घरी आले.” आपल्या घरांतून लहान मुलीविषयी बोलताना ‘तें आयलें’ असे नपुंसकलिंगी रूप येते, आणि त्यात वात्सल्य असते. मराठीत मात्र ‘ती आली’ असेच हवे. आता यंत्राच्या नजरेने ते दुसरे वाक्य पाहा. प्रत्येक शब्द शुद्ध. ‘ते’ आणि ‘आले’ यांचा मेळही बरोबर. चूक आहे ती आधीच्या वाक्यातील बहिणीशी असलेल्या नात्यात, आणि वाक्यावाक्याने तपासणाऱ्या यंत्राला ते नाते दिसत नाही. ही चूक मी खुणेने दाखवते, पण तिच्यासाठी कोणाला रागावत नाही. लहानपणी माझ्याही वहीत ती भरपूर असे.

एकच शब्द बरोबर आहे की नाही हे पाहणे म्हणजे शुद्धलेखन तपासणे. शब्दाशब्दांतील मेळ पाहणे म्हणजे व्याकरण तपासणे. जाहिरातीत या दोहोंची सरमिसळ फार होते. इंग्रजीसाठी व्याकरण तपासणारी साधने पुष्कळ आहेत. ग्रामरली हे त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. ते २००९ साली युक्रेनमधील तरुणांनी सुरू केले. लँग्वेजटूल हे दुसरे, जर्मनीतील डॅनिएल नाबर यांनी २००३ साली आपल्या पदवीच्या प्रबंधासाठी आरंभिलेले. अशा साधनात आधी प्रत्येक शब्दाची जात ठरवली जाते, हे नाम, हे क्रियापद, हे विशेषण. आणि मग लिहून ठेवलेल्या नियमांशी शब्दांचा क्रम ताडून पाहिला जातो. ‘ही गो टु स्कूल’ असे लिहिले तर कर्ता एकवचनी, तृतीय पुरुषी, आणि क्रियापद तसे नाही, हे त्यातून उमगते. मराठीत हेच करावयाचे तर यंत्राला प्रत्येक नामाचे लिंग, वचन आणि सामान्यरूप ठाऊक हवे, कर्तरी व कर्मणी प्रयोगांतला फरकही कळावयास हवा. इंग्रजीच्या तोडीची अशी सिद्धता मराठीसाठी अद्याप झालेली नाही. म्हणून ‘मराठी व्याकरण तपासू’ असे वेष्टनावर छापलेले दिसले की आधी एकच वाक्य लिहून पाहावे: “मुलगी शाळेत आला.” रेघ उमटली नाही तर आपण शुद्धलेखन-तपासनीस विकत घेत आहोत एवढे समजून चालावे.

तथापि शुद्धलेखनाचे साधनही चांगले आणि वाईट असे असतेच. त्यातील मुख्य भेद सामान्यरूपाच्या हाताळणीत आहे. इंग्रजीत एका नामाची दोन-तीन रूपे असतात. आपल्या ‘घर’ शब्दाची घरात, घरातून, घराचा, घरासमोरच्या, घरातल्यांनासुद्धा अशी किती होतील ते मोजून पाहा. ही सारी यादीत भरू म्हटले तर यादी संपावयाची नाही. यावर एक सुंदर तोडगा हंगेरीतून आला. हंगेरियन भाषेतही प्रत्यय शब्दाला चिकटतात. ‘हाझ’ म्हणजे घर, ‘हाझबन’ म्हणजे घरात. त्या भाषेसाठी लास्लो नेमेथ यांनी हनस्पेल नावाची आज्ञावली रचली. तीत दोन धारिका असतात. एकीत मूळ शब्द, आणि दुसरीत त्यांना कोणते प्रत्यय कोणत्या बदलासह लागतात याचे नियम. लिबरऑफिस या विनामूल्य लेखनसाधनात आणि फायरफॉक्समध्ये हीच आज्ञावली काम करते, आणि तिच्यासाठी मराठी शब्दसंग्रहही उपलब्ध आहे. हंगेरीच्या भाषेसाठी केलेली सोय आपल्या ‘घरातल्यांनासुद्धा’ला उपयोगी पडावी, याची मला मोठी मौज वाटते. दामल्यांनी १९११ साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ लिहिताना जे प्रत्ययविचार मांडले, तशाच विचारांची आज संगणकाला गरज पडत आहे.

तेव्हा पारख करताना मूळ शब्द लिहून भागत नाही, त्यांची रूपे लिहावीत. ‘मूल’ लिहा आणि मग ‘मूलाला’ असे मुद्दाम चुकीचे लिहा. ‘मुलाला’ हे रूप सुचले पाहिजे. ‘पाणी’पासून ‘पाणीत’ लिहून पाहा. ‘गुरू’ दीर्घ, पण ‘गुरुदक्षिणा’ ऱ्हस्व. ‘बुद्धी’ दीर्घ, पण ‘बुद्धिमान’ ऱ्हस्व. या जोड्यांत बरे बरे तपासनीस घसरतात. आम्ही शाळेत दोन-तीन साधनांना असा अर्ध्या पानाचा मजकूर तपासावयास दिला होता. त्यात वीस चुका मुद्दाम पेरल्या होत्या. एका साधनाने त्यांतल्या पाच पकडल्या आणि चार शुद्ध शब्दांखाली रेघा ओढल्या. जाहिरात त्याचीच सर्वांत मोठी होती.

कोणत्या नियमांनुसार तपासले जाते, हाही प्रश्न विचारावा. मराठी साहित्य महामंडळाने केलेले चौदा नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ साली मान्य केले आणि १९७२ साली त्यांत आणखी चारांची भर पडली. या नियमांनी उच्चारात नसलेले जुने अनुस्वार गेले. त्यापूर्वीच्या पुस्तकात ‘आम्ही घरीं गेलों’, ‘त्यानें काम केलें’ असे दिसते. ते पुस्तक संगणकावर उतरवले तर पानभर तांबडे होईल. म्हणून आजोबांच्या काळचे पत्र किंवा कवितांची वही उतरवून घेताना तपासनीस बंद ठेवावा हे उत्तम. आपल्यापुढे आणखी एक पेच आहे. देवनागरी कोकणीत हे अनुस्वार अजून जिवंत आहेत. ‘गेलों’ हे कोकणीत शुद्धच. तेव्हा मुलाच्या वहीतला ‘गेलों’ जुन्या मराठीतून आला की घरच्या बोलीतून, हे शिक्षकाला त्या मुलाकडे पाहून कळते. यंत्राला दोन्हींत ‘यादीत नाही’ एवढेच दिसते.

म्हणूनच लेखनाला प्रारंभ करण्यापूर्वी भाषा कोणती ते संगणकाला सांगून ठेवावे. देवनागरी ही लिपी हिंदी, नेपाळी, कोकणी आणि मराठी या सर्वांची. भाषा हिंदी ठेवली असेल तर तुमचा सारा निबंध तांबडा दिसेल आणि तुम्ही उगाच खचून जाल. निबंधात आजीच्या तोंडचे एखादे कोकणी वाक्य घालावयाचे असेल तर तेवढा मजकूर निवडून त्याची तपासणी वगळता येते. वर्ड आणि लिबरऑफिस या दोहोंत ही सोय आहे. इंग्रजी लिहिताना अमेरिकी इंग्रजीऐवजी भारतीय किंवा ब्रिटिश इंग्रजी निवडावे, नाहीतर ‘रंग’ या अर्थाच्या शब्दातील ‘यू’ हे अक्षर यंत्र चुकीचे ठरवील आणि परीक्षेत तुमचे गुण जातील.

दुसरी अडचण टंकाची. मुद्रणालयांत अजूनही जुन्या पद्धतीचे टंक वापरात आहेत. त्यांत पडद्यावर ‘क’ दिसतो, पण संगणकाच्या पोटात रोमन अक्षराचाच संकेत असतो. देवनागरीचा केवळ पेहराव. अशा मजकुरावर कोणताही मराठी तपासनीस चालत नाही. युनिकोडमध्ये लिहिलेले असेल तरच यंत्राला मराठी दिसते. युनिकोडमध्येही ‘दऱ्या’तील अर्धा र दोन रीतींनी लिहिता येतो, डोळ्यांना दोन्ही सारखे, पण यंत्र एकाखाली रेघ ओढू शकते. शब्द निर्दोष असून रेघ हटत नसेल तर तो पुसून आपल्या कळफलकाने पुन्हा लिहून पाहावा. (आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या, ‘दर्या’ म्हणजे समुद्र, हे आपल्या किनाऱ्यावरच्या मुलांना सांगावयास नकोच!)

पालकांसाठी एक सूचना. काही साधने घरच्या संगणकातच काम करतात, आणि काही तुमचा मजकूर इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकाकडे पाठवून तेथे तपासतात. शाळेच्या निबंधाबाबत याने बिघडणार नाही. पण त्याच संगणकावर कोणी घरगुती पत्र लिहितो, कोणी जमिनीच्या वाटणीचा कागद, कोणी आजाराविषयी वैद्याला मजकूर. तो सारा बाहेर जावा काय, याचा विचार आधी करावा. हनस्पेलवर चालणारी साधने इंटरनेट नसतानाही चालतात आणि त्यांना दाम पडत नाही. माझे मत विचाराल तर विद्यार्थ्याच्या घरी आरंभ तेथूनच व्हावा. पैसे खर्चून घेण्याजोगे साधन आधी महिनाभर विनामूल्य वापरून, वर सांगितलेला मजकूर त्याला देऊन, मगच घ्यावे.

२०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि तेव्हापासून संवाद करणारी कृत्रिम बुद्धिमत्ता हाही एक मार्ग झाला आहे. या आज्ञावल्या यादी पाहून थांबत नाहीत. आजूबाजूच्या मजकुराचा विचार करतात, त्यामुळे ‘महिला दीन’ किंवा ती बहीण यांना पुष्कळदा सापडते. त्यांचा दोष निराळा आहे. चूक दाखवा म्हटले तरी त्या वाक्यच नव्याने लिहून देतात. कंदिलाचा दिवा होतो, खाजनाचे शेत होते, आणि आजोबा ‘निसर्गाशी एकरूप झालेले व्यक्तिमत्त्व’ होऊन बसतात. मुलाला यात काही शिकावयास मिळत नाही, कारण कोणती चूक का झाली हे त्याला दिसतच नाही. वापरावयाच्याच असतील तर ‘केवळ चुका सांग, वाक्य बदलू नकोस’ असे बजावून वापराव्यात, आणि तरीही मूळ प्रत शेजारी ठेवावी.

असो. त्या निबंधाचे काय झाले? आम्ही दोघांनी बसून प्रत्येक ‘बंद’ पुन्हा ‘बांद’ केला, आणि वाचकांसाठी तळाला त्याचा अर्थ दिला. मग शाळेच्या संगणकात जो वैयक्तिक शब्दसंग्रह असतो, त्यात ‘बांद’, ‘खाजन’, ‘कोरगुट’ हे शब्द घातले. आता त्यांच्याखाली रेघ येत नाही. मुलांना ही युक्ती फार आवडली. प्रत्येकजण आपल्या गावाचे नाव, आडनाव, देवाचे नाव त्यात घालू लागला.

मात्र परवा असे आढळले की, कोणीतरी ‘महीना’ हा शब्दही रेघेला कंटाळून त्यात घालून ठेवला आहे. तेव्हापासून आमच्या संगणकावर दीर्घ ‘ही’चा महीना बिनदिक्कत शुद्ध ठरत होता, आणि या अंकाच्या तीन लेखांत तो शिरलाही होता. तो शब्द मी संग्रहातून काढला आहे. यापुढे दर शनिवारी वर्गप्रमुखाने ती यादी मोठ्याने वाचावी आणि ज्याने शब्द घातला त्याने उभे राहून तो का घातला ते सांगावे, असे आम्ही ठरवले आहे.